लितारा आणि लोतोवाईच्या सव्वीस बाटल्या

लिताराला खोटं बोलता येत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. नऊ वर्षं मी तिची गाडी चालवली, आणि तिच्या खरं बोलण्यापायी भर समुद्रातल्या आमच्या सवाइई बेटावरच्या अर्ध्याअधिक गावांत आम्ही दोघांनी बोलणी खाल्ली. एकदा पाद्रीबाबांच्या बायकोनं नवा झगा घालून हौसेनं विचारलं, "काय गं लितारा, बारीक दिसतेय ना मी?" कोणीही शहाणं माणूस हो म्हणून मोकळं झालं असतं. ही म्हणाली, "मागच्या खेपेपेक्षा चार किलो वाढलात आणि पाय सुजलेत. बसा, रक्त घेते." त्या गावानं पुढचे दोन महिने आम्हाला साधं शहाळंसुद्धा विचारलं नाही.

आता ती ऑकलंडला लेकीकडे असते. दर रविवारी चर्च सुटल्यावर फोन करते, आणि तब्येतीची चौकशी राहिली बाजूला, आधी माझा साखरेचा आकडा विचारते. मी थोडा कमी करून सांगतो. "पेनि, परत मोज," एवढंच म्हणते. हजारो मैलांवरून हिला कसं कळतं, देव जाणे. आमची पांढरी व्हॅन माझ्या घरामागे नीरफणसाखाली उभी आहे. चाकं कधीच गेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. कधी कधी मी उगाच ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसतो. वाओसा, माझी बायको, घरातून ओरडते, "कुठं निघाली स्वारी?" मी म्हणतो, "कुठं नाही." खरं सांगायचं तर फार आठवण येते. त्या रस्त्यांची, त्या पहाटेच्या फेऱ्यांची, आणि शेजारच्या सीटवर बसून बेसूर भजनं म्हणणाऱ्या त्या बाईची.

बेसूर म्हणजे किती, तर रस्त्यावरची डुकरंसुद्धा बाजूला व्हायची.

तिचं काम काय, तर साखरेचा आजार ज्यांना आहे त्यांच्या घरी जायचं, रक्त आणि लघवी तपासायची, वजन करायचं, रक्तदाब घ्यायचा आणि सगळं वहीत लिहून आणायचं. सालेलोलोगाच्या बंदराजवळ, खिळे-पत्र्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं संशोधनाचं ऑफिस होतं. तिथून आकडे बोटीनं राजधानीला, आपियाला, आणि तिथून आणखी कुठं कुठं जायचे. आमच्या लोकांच्या अंगात हा आजार इतका का मुरतो, कशानं थांबतो, हे शोधायला परदेशातले डॉक्टर आमच्याकडे यायचे. लितारा ही त्यांची जीभ, त्यांचे कान आणि निम्मं डोकं. डॉक्टर बदलत राहिले. लितारा तीच राहिली.

वजनकाट्यावर उभं राहायला आमच्या बायका लाजतात. म्हणून गावात गेलं की लितारा आधी स्वतः काट्यावर चढायची आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "लितारा, एकशे बारा किलो! आणि काल रात्री डुकराचं मटण दोनदा घेतलं!" हशा पिकायचा. मग एकेक जण चढायचा. मी तिला म्हटलं, "अगं, तुला जरा लाज?" तर म्हणाली, "लाज मी धरली तर त्यांनी किती धरायची?"

उपाशीपोटी रक्त घ्यायचं असलं की मोठी पंचाईत. आम्ही पाहुणे. पाहुणा दारात आणि त्याला खाऊ न घालता सुई टोचून घ्यायची, हे आमच्याकडे कोणाच्या पचनी पडत नाही. आणि पाहुण्याला वाढलं की घरच्यानं सोबतीला चार घास खायचेच. असे कितीतरी उपाशी लोक आम्ही भरल्या पोटी तपासले. शेवटी लितारानं पहाटे साडेपाचला जायला सुरुवात केली, चुली पेटायच्या आत. म्हणजे मला चारला उठणं आलं. तिच्या नावानं मी किती बोटं मोडली असतील, त्याची गणती नाही.

असं चाललेलं असताना ती नव्या गोळीची गोष्ट आली.

डॉक्टर ब्रेनन म्हणून एक उंच, हाडकुळा माणूस ऑकलंडहून आला. त्याच्याकडे साखरेच्या आजारात किडनी वाचवणारी नवीन गोळी होती. दुसऱ्या देशांत ती चालली होती, पण आमच्या लोकांवर, आमच्या अंगापिंडावर, आमच्या खाण्यावर चालते का, ते कोणी पाहिलं नव्हतं. ते कळल्याशिवाय सरकार ती दवाखान्यात ठेवायला तयार नव्हतं. किडनी गेली की आमच्याकडे काय होतं, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. तेव्हा रक्त धुण्याचं मशीन फक्त समुद्रापलीकडे आपियाला होतं. आठवड्यातून तीनदा. म्हणजे बेट सोडायचं, गाव सोडायचं, कोणाच्या तरी ओटीवर उपऱ्यासारखं पडून राहायचं. पुष्कळ जण जायचेच नाहीत. घरीच चटईवर पडायचे, आणि गाव सोबतीला बसायचं.

बेटावरची नऊ गावं निवडली. त्यांत आमचं लोतोवाई होतं. आमच्यातले सव्वीस जण पसंत पडले, बहुतेक बायकाच. त्यांत माझी वाओसा होती, आणि इआनेता मावशी होती.

इआनेता मावशी म्हणजे आमच्या महिला समितीची प्रमुख. गावात कोणाचं अंगण झाडलेलं नाही, कोणाच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही, कोणाच्या पोराला लस टोचायची राहिलीय, सगळ्यावर तिची नजर. गावचे मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, सभेत मोठमोठी भाषणं करायचे आणि घरी जाऊन तिला विचारायचे, हे बरोबर ना? ती लिताराच्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून लिताराला तिनंच वाढवलं, शाळेत घातलं, नर्स केलं. खरं बोलायची खोडही तिनंच लावली, असं गावात म्हणत.

समितीच्या घरात सगळे गोल बसले. लितारानं मधोमध बसून समजावून सांगितलं. प्रत्येकाला नंबर घातलेली बाटली मिळेल, रोज एक गोळी. निम्म्या लोकांच्या बाटलीत खरी गोळी, निम्म्यांच्या बाटलीत रिकामी.

"रिकामी म्हणजे?" इआनेता मावशीनं विचारलं.

"दिसायला तशीच, पण आत औषध नाही."

"म्हणजे ह्या वाओसाला औषध आणि मला माती?"

"माती नाही गं मावशी, पीठ."

"पीठ तर पीठ. कोणाला कुठली, ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"ह्या लांबड्या डॉक्टरला?"

"त्यांनाही नाही. कॉम्प्युटरला ठाऊक आहे, आणि तो शेवटपर्यंत सांगणार नाही."

"कुठल्या गावचा म्हणे हा कॉम्प्युटर? त्याला कोणी शिकवलं असं वागायला?"

सगळे खो खो हसले. डॉक्टर ब्रेननही हसला, काही न कळता. लितारानं मात्र पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. असं का करावं लागतं, दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवूनच गोळीचा गुण कसा कळतो, सगळं. काही लपवलं नाही. वाटलं तर हो म्हणा, नको वाटलं तर नाही म्हणा, कोणी रागावणार नाही. बायका एकमेकींकडे पाहत नव्हत्या. शेवटी इआनेता मावशी म्हणाली, "बरं. समजलं आम्हाला." आणि सव्वीसच्या सव्वीस जणांनी सह्या केल्या.

परत येताना लितारा खूश होती. "बघ पेनि, नीट सांगितलं की लोकांना कळतं."

कळलं होतंच. काय कळलं होतं, ते मला पाचव्या दिवशी समजलं. सकाळची प्रार्थना झाल्यावर समितीच्या घराजवळ टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठणठण ठोके पडले. वाओसा उठून चालायला लागली. मी विचारलं, "आत्ता कसली सभा?" म्हणाली, "गोळी खायला." मी मागोमाग गेलो. सव्वीस जण रांगेनं बसलेले. इआनेता मावशीच्या मांडीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. सगळ्या बाटल्या त्या डब्यात ओतलेल्या. ती डबा खळखळ हलवायची, डोळे मिटून हात घालायची आणि एकेकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायची. स्वतः सगळ्यांत शेवटी. एकाच्या ताटात घास आणि शेजारच्याच्या ताटात नुसतं पीठ, असं लोतोवाईत कधी झालं नव्हतं, आणि तिच्या हयातीत ती होऊ देणार नव्हती. कॉम्प्युटर कितीही शिकलेला असो.

मी काय केलं? काही नाही. घरी येऊन कोको प्यायलो. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही, खोटं कशाला बोलू. उलट वाटलं, वा, काय डोकं आहे म्हातारीचं! वाओसाच्या बाटलीत पीठ असलं तरी एक दिवसाआड का होईना, तिच्या पोटात औषध जाईल. नवऱ्याला आणखी काय पाहिजे? लितारा रोज माझ्या शेजारी बसायची, पण मी तिच्यापाशी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या महिन्यापासून गोळ्या मोजायला सुरुवात झाली. लितारा निळ्या ताटलीत बाटली उपडी करायची आणि चमच्याच्या दांड्यानं पाच-पाच करून मोजायची. बाकीच्या गावांत नुसता गोंधळ. कोणी विसरलेलं, कोणाच्या बाटलीला उंदीर लागलेला, कोणी चुलत भावाला निम्म्या दिलेल्या. लोतोवाईत मात्र सव्वीसच्या सव्वीस बाटल्यांत बरोब्बर सात गोळ्या शिल्लक. मोजणीच्या आदल्या दिवशी मावशी डब्यातल्या गोळ्या सारख्या वाटून परत भरून ठेवायची, मग दुसरं काय होणार? डॉक्टर ब्रेननचं पत्र आलं, लोतोवाई म्हणजे सगळ्यांत शिस्तीचं गाव. लितारानं ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. आपल्या गावाचा काय अभिमान होता तिला! मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो.

असं सव्वा वर्ष गेलं. आकडेही बरे येत होते. वाओसाचा किडनीचा आकडा घसरायचा थांबला होता. इआनेता मावशीचा सुरुवातीपासूनच वाईट होता, पण तोही टिकून होता. लितारा म्हणायची, "मावशी अगदी काठावर आहे रे. असाच टिकला तर बोटीत बसावं लागणार नाही तिला." त्या वाक्यावर तिचा जीव टांगलेला असायचा. मावशीनं आधीच बजावलं होतं, मशीनसाठी मी आपियाला जाणार नाही, मला इथंच मरू दे.

आणि मग सोसेची आत्या ऑकलंडला वारली.

सोसे ही आमच्या सव्वीसांतली एक. जाड चष्म्याची, भोळी. आत्याच्या मातीला गेली ती तीन आठवडे तिकडेच राहिली. मंगळवारी परतली, आणि गुरुवारी मोजणी होती. लितारा तिची बाटली उपडी करता करता सहज म्हणाली, "प्रवासात गोळ्या घेत होतीस ना?"

"छे गं! बाटली कुठं नेली होती मी? इथंच होती."

लिताराचा चमचा थांबला. तिनं मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सात. तिसऱ्यांदा एकेक गोळी बोटानं सरकवत मोजल्या. मी खांबाला टेकून उभा होतो.

"सोसे," ती अगदी हळू म्हणाली, "तू नव्हतीस, तर तुझ्या गोळ्या कोणी खाल्ल्या?"

सोसेनं निरागसपणे सांगितलं, "सगळ्यांनी पाळीपाळीनं. वाया कशाला घालवायच्या?"

लितारा तडक मावशीकडे गेली. मी मागे. मावशी चटईसाठी पानं सोलत होती. तिनं काही नाकारलं नाही, डबासुद्धा काढून दाखवला. "मग? त्यात काय चुकलं? एकीनं जगायचं आणि शेजारणीनं बघत बसायचं? तुला मी असं शिकवलं होतं?"

"मावशी, मी सगळं समजावून सांगितलं होतं ना? मग मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"मला आता हे कळवावं लागेल."

"कळवलंस तर गोळ्या बंद होतील?"

"हो."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. तुझ्यासुद्धा."

मावशीनं पानं खाली ठेवली. "मग नको कळवूस," ती म्हणाली. आज्ञा करायची सवय असलेल्या त्या बाईचा आवाज तेव्हा वेगळाच लागला. इतक्या वर्षांत तिनं कोणाची विनवणी केलेली मी ऐकली नव्हती.

परतीच्या वाटेवर काळ्या लाव्हाचा माळ लागतो, मैलच्या मैल, एक झाड नाही. तिथं मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तू कळवायचं नाहीस."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मीही पेटलो होतो. "वाओसाचा आकडा थांबलाय, लितारा. तुझ्या मावशीचा थांबलाय. कोणाचं काय वाईट झालं? एक कागद तेवढा खोटा आहे. राहू दे की खोटा!"

"पेनि, नीट ऐक. आपल्या गावात सगळ्यांनी सारखंच खाल्लंय. खऱ्या बाटलीवाल्यांचे आणि रिकाम्या बाटलीवाल्यांचे आकडे सारखेच येणार. ते बाकीच्या गावांच्या आकड्यांत मिसळले की डॉक्टर काय म्हणतील? ह्या गोळीचा उपयोग नाही म्हणतील. मग ती कोणालाच मिळणार नाही. ना आपल्याला, ना शेजारच्या टोंगाला, ना कोणाला. वाओसाला आणखी दहा वर्षं ती लागणार आहे. डब्यातल्या गोळ्या किती दिवस पुरतील?"

"आणि मावशी? तिच्याकडे दहा वर्षं आहेत?"

लितारानं मांडीवरची वही मिटली.

"तिनं तुला वाढवलंय, बाई. अंगावरचं काढून तुला शिकवलंय."

"माहीत आहे मला."

"मग?"

"गाडी चालू कर."

मी चालू केली. सालेलोलोगापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि मी एक शब्द बोललो नाही. मुद्दामच बोललो नाही. आज त्याची लाज वाटते.

डॉक्टर ब्रेनन बोटीनं आला. रागावला नाही. उलट गावच्या सभेत मांडी घालून बसला आणि म्हणाला, तुमच्या घरात कसं वाढतात ते आम्ही आधी विचारायला हवं होतं, चूक आमची. पण नियम म्हणजे नियम. लोतोवाई गाव मोजणीतून बाद झालं. बाटल्या गोळा करायला दुसरी नर्स पाठवतो म्हणाला, तर लितारा म्हणाली, "मीच करते." घरोघर गेली. मावशीनं अख्खा डबाच तिच्या हातात दिला. "घे. मोजून घे," म्हणाली. लितारानं तिथंच बसून मोजून घेतल्या.

त्यानंतर दोन वर्षं गावानं तिला टाकलं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. आमच्याकडे वाटेवरून कोणी चाललं की घराघरातून हाक येते, "ये गं, जेवून जा!" परक्यालासुद्धा येते. लितारा चालली की गाव गप्प व्हायचं. तरी ती यायची. गाव मोजणीत नव्हतं, तिला यायचं काही कारण नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वतःच्या सुट्टीत यायची, सव्वीस जणांचा रक्तदाब घ्यायची, पायाच्या जखमा बघायची. आणि मी? तीन महिने मी तिच्याशी "बस" आणि "उतर" एवढंच बोललो. ती भजनं म्हणायची बंद झाली. गाडीत इतकी शांतता मला सोसवेना. मग एका सकाळी मीच एक भजन सुरू केलं, वाईटच म्हटलं, आणि तिनं दुसरी ओळ धरली. आमचा समेट तो एवढाच.

मावशीचा आकडा त्या वर्षी घसरला. पुढच्या वर्षी आणखी. लितारानं हातापाया पडून आपियाला चल म्हटलं. मावशी म्हणाली, "मी सांगितलंय एकदा."

दोन वर्षांनी निकाल लागला. उरलेल्या आठ गावांचे आकडे स्वच्छ होते. गोळी आमच्या लोकांवर चालत होती, चांगलीच चालत होती. सरकारनं ती दवाखान्यात आणली. वाओसाला लगेच सुरू झाली. मावशीला डॉक्टरांनी दिली नाही. किडनी इतकी गेल्यावर आता तिचा उपयोग नाही, म्हणाले.

आणि निकालाबरोबर पत्रं आली. ज्यांनी ज्यांनी सही केली होती त्या प्रत्येकाला, तुमच्या बाटलीत काय होतं, हे सांगणारं पत्र. बाद झालेल्या लोतोवाईलासुद्धा. सव्वीस बंद पाकिटं. ऑफिसात आलेली नंबरांची यादी लितारानं आपल्या वहीशी आधीच ताडून पाहिली होती. गाडीत बसली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. "पेनि," ती म्हणाली, "मावशीची खरी होती."

म्हणजे म्हातारीनं आपली बाटली आपल्या घरी ठेवून रोज एक गोळी खाल्ली असती, तर पुरं औषध तिच्या पोटात गेलं असतं. "सांगू नकोस," मी म्हटलं. "हे एक तरी सांगू नकोस. पाकीट हरवलं म्हण. तिला कुठं वाचता येतंय आता?"

"तिनं विचारलं तर?"

"विचारलं तर रिकामी होती म्हण! मरणाऱ्या माणसाला एवढं खोटं चालतं, बाई!"

मावशी तिच्या घरात, भिंती नसलेल्या त्या खांबांमध्ये, समुद्राकडे डोकं करून पडली होती. पाय खांबासारखे सुजलेले. उशाशी पंख्यानं वारा घालत सोसे बसलेली. लितारा टेकली. दोन वर्षांत तिला त्या घरात कोणी बस म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हटलं नाही.

"पत्रं आलीत म्हणे," मावशी म्हणाली. "माझी कुठली होती?"

मी लिताराच्या पाठीमागे उभा होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, एकदा, आयुष्यात एकदा तरी.

"खरी होती, मावशी," लितारा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तू एकटीनं खाल्ली असतीस तर, मावशी, तर कदाचित..."

मावशीनं डोळे उघडले. "खरी? माझी?"

"हो."

"नक्की? कॉम्प्युटरनं सांगितलं?"

"हो गं."

आणि म्हातारी हसली. खोकला येईपर्यंत हसली. सोसेचा हात धरून म्हणाली, "ऐकलंस का गं? माझी बाटली खरी होती! मला इतकी वर्षं एकच घोर होता. वाटायचं, माझीच रिकामी असेल, आणि मी प्रमुख म्हणून सगळ्यांच्या ताटातलं फुकट खाल्लं असेल. नाही गं! मी वाढलंय! सांगा सगळ्यांना, इआनेतानं वाढलंय म्हणावं!"

"पण तू वाचली असतीस," लितारा म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. फार प्रेमानं पाहिलं, मी साक्षीला आहे. "आणि मग ह्या घरात कोणाशी बोलले असते? भिंतीसुद्धा नाहीत," ती म्हणाली. थोडा दम खाऊन तिनं लिताराच्या गालाला हात लावला. "तू सांगितलंस म्हणून कळलं मला. ह्या पेन्यानं खोटंच सांगितलं असतं."

मी बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिलो. मला रडताना बघायची कोणाला हौस नव्हती.

माझ्या खिशात वाओसाचं पाकीट होतं. घरी जाऊन दिलं. तिनं चष्मा लावून वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. रिकामी. तिच्या बाटलीत पहिल्या दिवसापासून नुसतं पीठ होतं. त्या सव्वा वर्षात तिच्या पोटात जे औषध गेलं, ते सगळं दुसऱ्या कोणाचं होतं.

मी पुढच्या शनिवारी गाडीत लिताराला विचारलं, "त्या डब्यामुळे वाओसाची किडनी टिकली का गं? नव्या गोळीपर्यंत?" मला तिनं हो म्हणायला हवं होतं.

"माहीत नाही, पेनि," ती म्हणाली. "आता ते मोजता येणार नाही."

त्या उत्तराचा मला राग आला नाही.

वाओसानं मात्र मला काहीच विचारलं नाही. ते पत्र वाचलं त्याच संध्याकाळी ती आपली चटई काखेत मारून मावशीच्या घरी गेली. मावशी त्यानंतर आठ आठवडे होती. ते आठही आठवडे वाओसा तिथंच झोपली. रोज सकाळी तिच्या सुजलेल्या पायांना तेल चोळायची, तिला घास भरवायची, आणि म्हातारीचं पोट भरल्याशिवाय स्वतः तोंडात काही घालायची नाही.